अनाम प्रभावाचा प्रश्न : अँथनी गोन्साल्विस यांची सिंफनिक रचना आणि समकालीन मराठी संगीत

१

'प्रभाव' ही मराठी समीक्षेत अतिशय वापरली गेलेली आणि त्या मानाने फारच थोडी तपासली गेलेली संकल्पना आहे. एका लेखकाच्या कृतीत दुसऱ्याच्या कृतीच्या खुणा शोधणे, त्यांना साम्यस्थळे म्हणणे आणि साम्यस्थळांवरून ऋणाचा हिशेब मांडणे, अशी तिची रूढ कार्यपद्धती. या कार्यपद्धतीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. प्रभाव टाकणारा आणि तो स्वीकारणारा अशा दोन्ही टोकांना नाव असलेली व्यक्ती असते. दोघांच्याही कृती अभ्यासकासमोर उपलब्ध असतात. आणि प्रभाव साम्याच्या रूपानेच प्रकट होतो. हॅरॉल्ड ब्लूम यांनी १९७३ साली प्रभावाला पूर्वसूरींशी होणाऱ्या झगड्याचे रूप दिले, तेव्हा यांपैकी तिसऱ्या गृहीताला धक्का बसला. साम्याइतकेच विचलनही प्रभावाचे लक्षण ठरू लागले. पहिली दोन गृहीते मात्र ब्लूम यांच्याकडेही अबाधितच राहिली. त्यांच्या विवेचनातला झगडा एका समर्थ कवीचा दुसऱ्या समर्थ कवीशी आहे. ज्याचे नाव कोणी ठेवले नाही आणि ज्याची संहिता कोणाच्या हाती नाही, अशा कलावंताला त्या झगड्यात जागा नाही.

ज्या कलांमध्ये कृती अनेकांच्या हातून घडते तेथे ही गृहीते कितपत टिकतात, हा प्रश्न सिद्धान्ताच्या पातळीवर सोडवण्यापेक्षा एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे तपासणे अधिक फलदायी ठरेल. गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि संगीतरचनाकार अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी १९५० च्या दशकात राग आणि सिंफनिक वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या रचना केल्या. त्या रचना वाद्यवृंदांच्या नित्य कार्यक्रमांत रुजल्या नाहीत. रूढ अर्थाने पाहिल्यास त्यांचा प्रभाव शून्य ठरतो. तरीही गेल्या सहा दशकांतील हिंदी-मराठी सुगम संगीताचा नाद ज्या कार्यपद्धतीतून घडला, तिच्या मुळाशी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांचे काम आहे. हा विरोधाभास सोडवायचा तर 'प्रभाव' या संकल्पनेचीच फेरमांडणी करावी लागते.

२

गोन्साल्विस यांची जडणघडण समजून घेण्यासाठी पोर्तुगीजकालीन गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांचा संदर्भ आवश्यक आहे. या शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. हेतू धार्मिक होता. उपासनेच्या वेळी गाणारा-वाजवणारा समूह तयार व्हावा एवढीच अपेक्षा होती. परंतु या शिक्षणातून एक असा वर्ग निर्माण झाला, ज्याला समोर ठेवलेला कागद पाहून, पूर्वी न ऐकलेले संगीत, इतरांच्या बरोबरीने, तत्काळ वाजवता येत होते. गावात या कौशल्याला पुरेसे काम नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानी दरबार, हॉटेले, मूकपटांची चित्रपटगृहे आणि पुढे मुंबईचे चित्रपट-स्टुडिओ यांनी ते विकत घेतले.

या कौशल्याचे वेगळेपण लिपीच्या अंगाने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. भातखंडे आणि पलुस्कर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ केलेल्या स्वरलिप्या मुख्यतः जतनासाठी आणि अध्यापनासाठी आहेत. त्या गायल्या गेलेल्या बंदिशीची नोंद ठेवतात. वाद्यवृंदाचे स्टाफ नोटेशन अजून न घडलेल्या समूहवादनाला आज्ञा देते. एक लिपी स्मृतीची आहे, तर दुसरी नियोजनाची. हिंदुस्थानी कलावंताला पहिलीचीही फारशी गरज भासत नव्हती, कारण त्याची विद्या गुरुमुखातून येत होती. गोमंतकीय वादकाची विद्या मात्र कागदातून येत होती, आणि त्यामुळेच ती एका वेळी शंभर माणसांना वाटून देता येत होती.

गोन्साल्विस १९४३ साली नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. पुढील दीड दशकात ते चित्रपटसंगीतातील मागणी असलेले वादक आणि संयोजक बनले. स्टुडिओत हिंदुस्थानी परंपरेतील वादक त्यांच्या शेजारी बसत होते. सतार किंवा सारंगी वाजवणाऱ्याला कागद वाचता येत नव्हता आणि व्हायोलिनच्या रांगेत बसलेल्यांपैकी अनेकांना राग माहीत नव्हते. या दोन निरक्षरतांच्या मधल्या जागेत उभे राहून काम करणारे जे थोडे लोक होते, त्यांपैकी गोन्साल्विस एक होते. चित्रपटाच्या कामातून मिळणाऱ्या मोबदल्यावर समाधान न मानता त्यांनी त्या मधल्या जागेलाच स्वतंत्र रचनेचा विषय केले. 'सोनातिना इंडियाना' आणि सारंग रागावर आधारलेला कन्चेर्तो ही त्यांच्या या काळातील कामाची नावे.

१९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात ११० वादकांसह आपल्या रचनांचा जाहीर कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या कार्यक्रमातील गायक होते. मुंबईला पाश्चात्त्य वाद्यवृंद नवा नव्हता. मेहली मेहता यांनी १९३५ मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. परंतु तेथे सादर होत असे ते युरोपीय संगीत. दुसऱ्या बाजूला अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर येथे रागसंगीताचा वाद्यवृंद घडवला होता, आणि स्वतः खाँसाहेबांनी तरुणपणी कलकत्त्यात लोबो या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते. तरीही मैहरचे वादन प्राधान्याने एकाच स्वरावलीचे सामूहिक वादन होते. रागाची सामग्री घ्यायची आणि सिंफनिक रचनाविचाराने तिची उभारणी करायची, हा प्रयत्न गोन्साल्विस यांच्या आधी एवढ्या विस्ताराने क्वचितच झाला असेल.

हा वाद्यवृंद टिकला नाही. त्याला राजाश्रय नव्हता, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था नव्हती, आणि वादक दिवसभर स्टुडिओत बांधलेले होते. १९६५ मध्ये गोन्साल्विस सिराक्यूज विद्यापीठाच्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीकडे वळले नाहीत. माजोर्डा येथे प्रसिद्धीपासून दूर राहिले.

३

या प्रयत्नाचे मूल्यमापन करताना त्याला 'पूर्व-पश्चिम संगम' असे गौरवाने म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याने अडचणीचे स्वरूप झाकले जाते. सिंफनी आणि राग यांच्यातील विरोध वाद्यांच्या जातकुळीचा नाही. व्हायोलिन कर्नाटक संगीतात एकोणिसाव्या शतकातच पूर्णपणे सामावले गेले होते. विरोध आहे तो काळाच्या संघटनेचा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या सिंफनीच्या पहिल्या भागात सामान्यतः दोन स्वरविषय येतात. पहिला मूळ स्वरस्थानावर असतो, दुसरा त्यापासून दूर गेलेल्या स्वरस्थानावर. मधल्या विकासात या विषयांचे तुकडे होतात, ते निरनिराळ्या स्वरस्थानांवर फिरतात, त्यांच्यात ताण निर्माण होतो, आणि शेवटी दोन्ही विषय मूळ स्थानी एकत्र येतात. बेथोवनच्या १८०८ साली प्रथम सादर झालेल्या पाचव्या सिंफनीत चार स्वरांच्या एका लहानशा आकृतीतून एवढी मोठी इमारत उभी राहते, ती या प्रवासामुळे. घर सोडणे आणि परतणे हे या घाटाचे मूलतत्त्व आहे. ख्यालातही मोठा विस्तार आहे, परंतु तो घर सोडत नाही. तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो. बढत म्हणजे त्याच षड्जाच्या सावलीत एकेका स्वराचे स्थान उजळत जाणे. येथे घरातच राहून घराचा शोध घ्यायचा असतो.

या सर्वसाधारण विरोधाला सारंगाच्या निवडीने विशेष धार येते. सारंग कुळातील सर्वपरिचित वृंदावनी सारंग विचारात घेतल्यास त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य आहेत. आरोहात शुद्ध निषाद आणि अवरोहात कोमल निषाद, असे त्याचे चलन आहे. पाश्चात्त्य हार्मनीचा पाया असलेला त्रिस्वरी गुच्छ षड्जावर उभारायचा तर सा-ग-प हे स्वर हवेत. आणि गुच्छ प्रसन्न की विषण्ण हे ठरवणारा स्वर नेमका गंधार. सारंगात तोच नाही. मूळ स्वरावर केवळ सा-प ही पोकळ जोडी उरते. पंचमावर प-नि-रे आणि कोमल निषादावर नि-रे-म असे पूर्ण गुच्छ रागाबाहेर न जाता मिळतात. म्हणजे घराबाहेरच्या दोन मुक्कामांना भिंती आहेत आणि खुद्द घरालाच नाहीत, अशी विचित्र स्थिती होते. त्यातही आणखी एक पेच आहे. शुद्ध निषाद चढताना आणि कोमल निषाद उतरताना, हा रागाचा नियम दिशेचा नियम आहे. स्वरगुच्छातील स्वर एकदम वाजतात. गुच्छाला आरोह नसतो आणि अवरोहही नसतो. एका क्षणात गोठवलेल्या स्वरांवर दिशेचा नियम कसा लावायचा?

या पेचाला तात्त्विक उत्तर एकच संभवते: गुच्छांऐवजी रेषांचा आश्रय घेणे. काउंटरपॉइंटमध्ये दोन किंवा अधिक स्वररेषा एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक रेषा स्वतःपुरती पूर्ण असते. प्रत्येक रेषेने रागाचे चलन पाळले तर त्यांच्या एकत्र वाजण्याने रागाला बाध येण्याची शक्यता कमी होते. रागाशी प्रामाणिक राहणाऱ्या सिंफनिक रचनेला हार्मनीकडून काउंटरपॉइंटकडे सरकावे लागते, ही त्या घाटाची अपरिहार्यता आहे. रविशंकर यांनी १९७१ आणि १९८१ मध्ये सतार व वाद्यवृंदासाठी केलेल्या दोन कन्चेर्तोंमध्ये आणि २०१० मध्ये लंडनला सादर झालेल्या सिंफनीमध्येही गुच्छांच्या बांधणीपेक्षा स्वररेषांच्या देवाणघेवाणीवर भर आहे, तो याच कारणाने.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये सौंदर्याचे नियम म्हणून संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही तत्त्वे मांडली. सिंफनीच्या घाटाचे वर्णन करायला ती विलक्षण सोयीची आहेत: दोन स्वरविषयांचा विरोध, त्यांच्या तुकड्यांतील संवाद, आणि अखेरचा समतोल. परंतु मर्ढेकरांची मांडणी एका माध्यमातील, एका बंदिस्त कलाकृतीच्या अंतर्गत संबंधांची आहे. ज्या कृतीत दोन वेगळ्या कालसंकल्पना एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि त्यांच्यातील विरोध कृतीच्या आत मिटतच नाही, तिला या निकषांवर अपयशी म्हणावे लागेल. गोन्साल्विस यांच्या प्रकल्पाला तसे म्हणण्यात काही अंशी तथ्यही आहे. तो स्वतंत्र परंपरा निर्माण करू शकला नाही. परंतु न मिटलेला विरोध कृतीबाहेर जाऊन काम करत राहतो, आणि ते काम मोजण्याची सोय रूपवादी निकषांत नाही.

४

१९५८ च्या कार्यक्रमातील वादक पुन्हा स्टुडिओत गेले. चित्रपटगीताचे घटक पाहिले तर मुखडा आणि अंतरा संगीतदिग्दर्शकाचे असतात. त्यांच्या मध्ये येणारे वाद्यसंगीत, गायकाच्या मागे चालणारी व्हायोलिनची दुसरी धून आणि तालवाद्यांची मांडणी यांत संयोजकाचा हात मोठा असतो. गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड अशा अनेक गोमंतकीय संगीतकारांनी या मधल्या जागा भरल्या. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील व्हायोलिनसमूहाच्या प्रतिधुनी सेबॅस्टियन यांच्या संयोजनाने ओळखल्या जातात. गायकाची धून रागाची किंवा लोकगीताची वळणे सांभाळते, आणि तिच्या पाठीमागून दुसरी रेषा स्वतःच्या गतीने चालते. सिंफनिक रचनाविचाराला रागसंगीताच्या सान्निध्यात जो एकमेव मार्ग खुला होता, तोच तीन-साडेतीन मिनिटांच्या गीतात रूढ झाला. सैद्धान्तिक पेचाचे व्यवहारातील उत्तर असे सापडले, आणि ते सापडल्याची नोंद कोणीही केली नाही.

गोन्साल्विस यांना या साऱ्याचे एकमेव जनक म्हणणे अनैतिहासिक ठरेल. प्रतिधुनीची पद्धत अनेक हातांनी एकाच काळात घडवली. गोन्साल्विस यांचे वेगळेपण दोन बाबतींत आहे. या पद्धतीला मैफलीच्या मंचावर, स्वतःच्या नावाने, स्वतंत्र रचना म्हणून उभे करण्याची आकांक्षा त्यांनी बाळगली. आणि त्यांनी ती शिकवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल शर्मा हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 'पारसमणि' (१९६३) पासून १९९८ मध्ये लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या निधनापर्यंत चाललेल्या या जोडीच्या संगीतात ढोलकसारख्या देशी तालवाद्यांचा भरगच्च समूह आणि व्हायोलिनची मोठी रांग एकत्र नांदतात. मराठी भावगीत आणि चित्रपटगीतांतही अनिल मोहिले, इनॉक डॅनियल्स यांसारख्या संयोजकांनी हीच शिस्त आणली. चालीचे कर्ते श्रोत्यांना ठाऊक असतात. त्या चालीच्या भोवतीची हवा ज्यांनी निर्माण केली, त्यांची नावे रसिकांच्या बोलण्यात क्वचितच येतात.

प्रभावाच्या रूढ कल्पनेवरील सर्वांत बोचरे भाष्य मात्र चित्रपटानेच केले आहे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या पात्राचे नाव अँथनी गोन्साल्विस आहे, आणि हे पात्र प्रचंड आकाराच्या ईस्टरच्या अंड्यातून बाहेर येऊन आपले नाव गाऊन सांगते. प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ही आदरांजली होती. नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. मात्र ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून पोहोचले. ११० वादकांचा वाद्यवृंद उभारणारा रचनाकार विस्मृतीत गेला आणि त्याचे नाव, आपल्या मूळ अर्थापासून सुटून, करमणुकीचे चिन्ह झाले. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक टिकले आणि चिन्हित गळून पडले. ज्या कलावंताची कृती नावाविना पसरली, त्याचे नाव कृतीविना पसरावे, यात त्या व्यवस्थेचे संपूर्ण चित्र आहे. पुढे अशोक राणे यांचा माहितीपट, नरेश फर्नांडिस यांचे लेखन आणि ग्रेगरी बूथ यांचे स्टुडिओ-वादकांवरील पुस्तक (२००८) यांमुळे गळून पडलेला अर्थ काही प्रमाणात परत जोडला गेला.

५

समकालीन मराठी संगीताचा विचार 'सैराट' (२०१६) टाळून करता येत नाही. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या गीतांसाठी हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. गोन्साल्विस यांच्यापासून थेट येथवर रेषा ओढणे चुकीचे होईल. अजय-अतुल ज्यांना आदर्श मानतात ते इलयराजा मद्रासच्या परंपरेतून आलेले आहेत. पाश्चात्त्य स्वरलेखन आणि तमिळ लोकधून यांची सांगड त्यांनी स्वतंत्रपणे घातली, आणि ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये 'व्हॅलियंट' ही आपली सिंफनी सादर केली. प्रभावाचे प्रवाह एकाहून अधिक आहेत. त्यांतील समान गोष्ट वंशावळीची नसून कार्यपद्धतीची आहे: गावच्या ठेक्याला हात न लावता त्याच्याभोवती लिखित, बहुरेषीय वाद्यवृंद उभारणे. १९५८ मध्ये मुंबईत जो प्रश्न रागाच्या संदर्भात विचारला गेला, तोच २०१६ मध्ये लोकसंगीताच्या संदर्भात पुन्हा विचारला गेला.

'सैराट'मध्ये या कार्यपद्धतीला एक सामाजिक अर्थ प्राप्त होतो. चित्रपटातील मुलगा मासेमारी करणाऱ्या, जातिव्यवस्थेत खालच्या मानल्या गेलेल्या कुटुंबातला आहे. हिंदी-मराठी चित्रपटांनी अशा मुलाला ढोलकी-हलगी दिली होती. पडदा भरून टाकणारी व्हायोलिनची लाट साधारणपणे वरच्या थरातील नायकासाठी राखलेली असे. विहिरीत उडी घेणाऱ्या आणि उसाच्या फडातून धावणाऱ्या मुलाच्या प्रेमाला संपूर्ण सिंफनी वाद्यवृंदाची भव्यता मिळते, तेव्हा नादाच्या पातळीवर एक जुनी वाटणी मोडली जाते. 'झिंगाट'चा ठेका मिरवणुकीचाच राहतो आणि 'याड लागलं'ची चाल गावच्या बोलीशी नाते तोडत नाही. वाद्यवृंद त्यांना 'सुसंस्कृत' करायला आलेला नाही. आणि मग चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात हा सारा नाद थांबतो. रक्ताने माखलेल्या जमिनीवरून चालत गेलेल्या लहानग्याच्या पावलांचे ठसे नि:शब्दपणे पडद्यावर राहतात. पूर्वार्धात एवढा मोठा वाद्यवृंद वाजला नसता तर या शांततेचे वजन एवढे झाले नसते. सिंफनीने जे घर सोडले होते, तेथे परतणे नाकारले गेले आहे. घाटाचा भंग हाच येथे आशय होतो.

या संगीताचा पुढचा प्रवासही विचारात घेण्याजोगा आहे. नांदेड जिल्ह्यातील नायगाव-नरसी परिसरातली लग्नाची वरात हे त्याचे एक ठिकाण. क्लॅरिनेट, ट्रंपेट, साइड ड्रम आणि की-बोर्ड घेऊन निघालेला बँड 'सैराट'ची गीते वाजवतो तेव्हा त्याच्याजवळ व्हायोलिनची रांग नसते, हार्मनी वाटून घेण्याइतकी माणसेही नसतात. हार्मनी गळून पडते. परंतु गीताच्या सुरुवातीचे आणि कडव्यांच्या मधले वाद्यसंगीत गळत नाही. वादकांच्या बोलीत त्याला 'पीस' म्हणतात, आणि पीस जसाच्या तसा वाजला नाही तर नाचणाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येते. श्रोत्याच्या स्मृतीत चाल आणि पीस यांची प्रतवारी उरलेली नाही. दोन्ही मिळून गीत होते. पीस ही मुळात संयोजकाची जागा. म्हणजे ज्याचे नाव कधी घेतले गेले नाही, त्याची रचना गावातल्या माणसाला तोंडपाठ आहे. सिंफनिक विचाराचा प्रभाव मैफलीच्या सभागृहात शोधणाऱ्या अभ्यासकाला तो आढळला नाही, याचे कारण तो रस्त्यावर आलेला होता.

येथे देशीयतेचा प्रश्नही वेगळ्या प्रकारे उभा राहतो. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत परकीय घटकांना आपल्या भूमीत रुजवून घेण्याची प्रक्रिया, म्हणजे देशीकरण, महत्त्वाची मानली आहे. नायगावच्या बँडमधली ट्रंपेट लष्करी बँडमधून आली, की-बोर्ड कारखान्यातून आला, पीस लॉस एंजेलिसमध्ये वाजवला गेला, आणि ठेका मात्र वरातीचाच आहे. यातील देशी काय आणि परकीय काय, हे वाद्याच्या किंवा धुनीच्या जन्मस्थानावरून ठरवता येत नाही. ते वापराच्या ठिकाणी ठरते. मात्र देशीकरणाचा गौरव करताना ते कोणाच्या श्रमाने झाले हेही विचारले पाहिजे. 'समाजाने रुजवले' असे म्हटले की रुजवणारे हात पुन्हा अनाम होतात.

६

या विवेचनातून साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने काय निष्पन्न होते? बाख्तिन यांनी दोस्तोव्हस्कीच्या कादंबरीचे विवेचन करताना संगीतातून पॉलिफनी ही संज्ञा घेतली आणि अनेक स्वतंत्र आवाजांचे सहअस्तित्व हे त्या कादंबरीचे वैशिष्ट्य म्हणून मांडले. मराठी समीक्षेने ही संज्ञा कृतीच्या आतील आवाजांसाठी बऱ्यापैकी वापरली आहे. तिचा दुसरा अर्थ, म्हणजे कृती घडवणाऱ्या आवाजांचे अनेकत्व, फारसा विचारात घेतलेला नाही. मराठी नवकथेच्या घडणीत 'सत्यकथा'च्या संपादकांचा, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा वाटा सर्वमान्य आहे. लेखकाशी केलेला पत्रव्यवहार, सुचवलेले फेरलेखन, गाळायला लावलेला परिच्छेद यांतून एका काळाच्या कथेचा घाट ठरत गेला. तरीही नवकथेवरील प्रभावांची चर्चा प्राधान्याने पाश्चात्त्य कथाकारांच्या नावांभोवती फिरते. संपादक हा साहित्यातील संयोजकच आहे. भाषांतरकार, मुद्रितशोधक, तमाशाच्या फडात वगाची रचना दर खेळाला बदलत नेणारे कलावंत, यांच्याबाबतही हेच म्हणता येईल.

म्हणून प्रभावाचे दोन प्रकार मानणे उचित ठरेल. एक प्रभाव कृतीकडून कृतीकडे जातो. तो साम्याने अथवा विचलनाने ओळखता येतो आणि त्याला नाव असते. दुसरा प्रभाव हाताकडून हाताकडे जातो. तो कार्यपद्धतीच्या, सवयीच्या, शिस्तीच्या रूपाने वाहतो. मूळ कृती नष्ट झाली तरी तो नष्ट होत नाही आणि बहुधा त्याला नाव नसते. पहिल्याचा अभ्यास संहितेच्या वाचनाने होतो. दुसऱ्यासाठी कृती कशी तयार झाली, कोण कोणाशेजारी बसले, कोणी कोणाला शिकवले आणि मोबदला कोणाला मिळाला, याचा इतिहास लागतो. हे समीक्षेबाहेरचे काम आहे असा आक्षेप घेतला जाईल. परंतु सारंगाला गंधार नाही ही रूपाची बाब आणि स्टुडिओत दोन प्रकारचे वादक शेजारी बसत होते ही इतिहासाची बाब, या दोन्ही एकत्र घेतल्याशिवाय प्रतिधुनीचा उगम कळत नाही. रूपाचे स्पष्टीकरण येथे इतिहासाकडूनच मिळते.

गोन्साल्विस यांची सिंफनिक रचना तिच्या कर्त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने यशस्वी झाली नाही, हा निष्कर्ष बदलण्याचे कारण नाही. त्यांना हवी होती ती मैफल, आणि हवे होते ते रचनाकाराचे नाव. ती मैफल वाढली नाही, आणि नाव मिळाले ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या पात्राला. त्यांच्या कामाचा प्रभाव मान्य केल्याने त्यांच्यावर झालेला हा अन्याय भरून निघत नाही. उलट तो अधिक स्पष्ट होतो. एखाद्या संस्कृतीला आपल्या कलावंताचे कौशल्य पूर्णपणे आत्मसात करता येते आणि त्याच वेळी त्या कलावंताला पूर्णपणे विसरताही येते. समीक्षेने केवळ नावांचा इतिहास लिहिला तर या विसरण्यात तीही सहभागी होते.